दुसरी काडी

"दिवा लागला पायजे, पण ब्रेकबी लागला पायजे," आण्णा म्हणाले. "पाव्हण्याचा जीव जायला नको. इज्जत गेली तर गेली."

मी आमच्या जुन्या चंदेरी गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवी बसले होते. शनिवारची दुपार होती आणि दुसऱ्या दिवशी मला बघायला पाहुणे येणार होते. दुसऱ्या कुठल्याही घरात अशा वेळी मुलीचे हात घासूनपुसून लख्ख केले असते. माझे हात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये होते.

"मग एबीएसची घालते," मी म्हटलं.

"घाल. पण अशी घाल की घाम फुटला पायजे. गेल्या येळंसारखं मऊ काम नको."

"बरं," मी म्हटलं, आणि मऊ काम केलं.

आमच्या घरात याला काडी घालणं म्हणत. चांगल्या चालत्या गाडीत मुद्दाम एक खोट करून ठेवायची आणि समोरच्याला ती शोधायला लावायची. आष्ट्यातल्या आमच्या गॅरेजात कामाला येणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा आण्णांनी अशीच घेतली. नियम एकच. काडी हातानं काढता आली पाहिजे, कशाची मोडतोड करायची नाही. फ्यूज ढिला करा, वायर सोडा, नळीत कापडाचा बोळा घाला, पण सगळं पुन्हा जसंच्या तसं झालं पाहिजे. "काडी घालणारा मिस्त्री असतोय, मोडणारा कसाई," असं ते म्हणायचे. मला ही शिकवण बाराखडीच्या आधी मिळाली.

गड्यांच्या परीक्षेची ही पद्धत जावयांपर्यंत कशी आली, तेही सांगायला हवं. मला पहिल्यांदा बघायला आले ते तासगावकडचे लोक. त्यांनी मला चालायला लावलं, केस मोकळे सोडायला लावले, सुईत दोरा ओवायला लावला. दोरा ओवून झाल्यावर मुलाच्या काकांनी विचारलं, "चष्मा बिष्मा न्हाई न्हवं?" तेव्हा आण्णा उठले. म्हणाले, "तुमचं बघून झालं. आता आमी पोरगं बघतो." मुलाला त्यांनी दारातल्या गाडीपाशी नेलं आणि बॉनेट उघडायला सांगितलं. त्या बिचाऱ्याला बॉनेटची कळच सापडेना. आख्खं आष्टा आठवडाभर हसत होतं. "शेतकरी बैल घेताना दात बघतोय, मी जावई घेताना हात बघतोय," हे आण्णांचं बोलणं पार इस्लामपूरपर्यंत गेलं. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, आणि मीही घेतलं. मुलीच्या बापानं मान खाली घालून उभं राहायचं त्या मुलखात माझा बाप मान वर करून उभा होता. कुणाला असा बाप नको असतो?

मग जो येईल त्याला काडी. कुठली घालायची ते आण्णा ठरवत, घालायची मी. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि ऑपरेशनचा विषय काढला की जेवणाचं ताट सारून उठत. वेल्डिंगचा होल्डर तर त्यांनी केव्हाच खाली ठेवला होता. खरं म्हणजे गॅरेज मीच चालवत होते, पाटीवर नाव दौलत लोहारांचं होतं. मुलगे येत होते आणि जात होते. पतसंस्थेतला एक आला, त्यानं काडी शोधता शोधता हॉर्नची वायर तोडली. एक इलेक्ट्रिशियन आला, तो काडीचं नाव ऐकूनच हात जोडून गेला. मी अठ्ठावीस वर्षांची झाले. गाव मला घोडनवरी म्हणायचं आणि आण्णांना वाघ.

यावेळी येणार होता तो निवास सुतार. कुपवाडचा. कोल्हापुरात एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. आण्णांना वाटत होतं मी त्याला कधी पाहिलेलं नाही. मी पाहिलं होतं. सांगलीत स्पेअर पार्टच्या दुकानात मी एक सेन्सर मागत होते आणि काउंटरवरचा माणूस म्हणत होता, "बाई, मिस्त्रींना विचारून या, चुकीचा गेला तर परत घेणार नाही." शेजारी उभ्या असलेल्या माणसानं न हसता म्हटलं, "मिस्त्री त्याच आहेत. हातांकडं बघा की. द्या त्यांना." बस्स, एवढंच. माझ्यासारख्या मुलीला एवढं खूप होतं. पुढं दोनतीनदा फोन झाले, तेही गाड्यांबद्दलच. एकदा तो म्हणाला, "नोकरीत जीव रमत नाही. स्वतःचं टाकायचंय. पण एकट्याचं काम नाही ते. दोघं पाहिजेत." मग त्याच्याच घरून स्थळ आलं.

मला हे लग्न हवं होतं. आजवर कुठलंही नको होतं असं नाही, पण हे हवं होतं. म्हणून मी मऊ काम केलं.

एबीएस म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगते. प्रत्येक चाकापाशी एक दातेरी कडी चाकाबरोबर फिरते आणि तिच्या अगदी जवळ बसवलेला सेन्सर ते दात मोजत राहतो. जोरात ब्रेक मारल्यावर एखादं चाक जाम होऊन घसरायला लागलं, तर त्याला ते कळतं आणि ब्रेक आपोआप जरा सैल होतो. यात कुठंही खोट आली की काट्यांजवळ पिवळा दिवा लागतो. साधा ब्रेक लागतच राहतो, म्हणून जिवाला लगेच धोका नाही. मी मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा सॉकेट अर्धवट ओढून ठेवला. वरून बसलेला दिसेल, आत टेकलेला नसेल. कंपनीतल्या मेकॅनिकला चहा निवायच्या आत सापडेल अशी काडी होती ती. मग सामान आणायला मी सांगलीला गेले, ती दिवेलागणीलाच परतले.

रविवारी निवास आला तो आईला घेऊन. वडील लहानपणीच गेलेले, आणि बरोबर येणाऱ्या मामांना ऐनवेळी ताप आला होता. निवासच्या आईनं पोहे खाता खाता माझ्या नखांकडे पाहिलं. लिंबू चोळून चोळूनही नखांच्या कडांना काळी रेघ राहिली होती.

"सैपाक येतो न्हवं?" तिनं विचारलं.

"येतो."

"आन् हे?" तिनं नखांकडं बोट दाखवलं.

"हेबी येतं," मी म्हटलं.

ती हसली, आणि ते हसणं वाईट नव्हतं. निवास बशीत बघत म्हणाला, "आई, आपल्याला हेच तर पाहिजे." माझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडं बघितलं, पण तिनं नजर चुकवली. मला वाटलं, लेक जाणार म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं असेल.

"चला पाव्हणं," आण्णा उठले. "आमचा रिवाज म्हाईत हाय न्हवं?"

"सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे," निवास बाह्या दुमडत हसला. "स्कॅनर मिळेल का?"

"स्कॅनर कपाटातच ऱ्हाऊ दे. खोट कुठं ते मशीननं सांगितल्याव दवाखान्यातला कंपौंडरबी वाचंल."

बाहेर शेजारच्या टायरवाल्याकडची आणि चहाच्या गाड्यावरची माणसं जमलेली होतीच. आमच्याकडं पाहुणे आले की त्यांना फुकटचा तमाशा असायचा. निवासनं किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागला आणि लागूनच राहिला. "एबीएस," तो म्हणाला. त्यानं आधी फ्यूज पाहिले, मग ब्रेकचं तेल, आणि मग एकेका चाकाशी बसून वायरींवरून बोटं फिरवू लागला. त्याचं काम बघत राहावं असं होतं. कुठं घाई नाही, कुठं दिखावा नाही. मागच्या डाव्या चाकाशी त्याचा हात थांबला आणि सॉकेट बसल्याचा टक् आवाज आला. पुन्हा किल्ली फिरवली तेव्हा दिवा क्षणभर लागून विझला.

टायरवाल्यानं टाळ्या वाजवल्या. "माझं पोरगं हाय ते," निवासची आई कुणाला उद्देशून नाही असं म्हणाली. निवासनं माझ्याकडं पाहिलं. इतकी सोपी काडी कुणी घातली असेल ते त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण तो ओठ मिटून हसत होता.

"ब्येस," आण्णा म्हणाले. "आता एक चक्कर मारू. हुब्या गाडीत दिवा इझला म्हंजी काय झालं? गाडी पळवायला असती, हुबी करायला न्हाई."

निवास स्टिअरिंगवर, आण्णा शेजारी, मी मागं. गाडी सांगलीच्या रस्त्याला लागली, जरा वेग आला, आणि मला निवासच्या खांद्यावरून दिसलं, पिवळा दिवा पुन्हा लागला होता. मला वाटलं, माझंच काही चुकलं. दुसरीकडं कुठं माझा हात लागला असेल.

"काय पाव्हणं, गप का?" आण्णा समोर रस्त्याकडं बघत म्हणाले. "लागला काय?"

ज्या माणसाला ताटातली भाजी ओळखायला वास घ्यावा लागत होता, त्यानं हे विचारलं. मला ते खटकायला हवं होतं. तेव्हा खटकलं नाही.

परत आल्यावर निवास पुन्हा चाकांशी बसला. सगळे सॉकेट काढून पुसून पुन्हा लावले. एक सेन्सर बाहेर काढून साफ केला. किल्ली फिरवली की दिवा विझायचा, लोक "झालं, झालं" म्हणायचे, आणि रस्त्यावर थोडं अंतर गेलं की पुन्हा लागायचा. अशा दोन चकरा झाल्या. गर्दी वाढत गेली. दोन म्हातारे तर घरून खुर्च्या घेऊन आले. निवासचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्याची आई ओसरीवर बसली होती ती आता उभी राहिली होती.

"कंपनीत काय शिकवत्यात वं?" आण्णा म्हणाले. "गाड्या धुवायला का?"

लोक हसले. आण्णांना असं हसवता यायचं. जिभेला त्यांच्या धार होती, आणि ती नेमकी कुठं टेकवायची ते त्यांना बरोबर कळायचं.

"आवो, मामा आजारी पडला ते बरं झालं," ते पुढं म्हणाले. "न्हाईतर त्येलाबी गाडीखाली घालायला लागलं असतं."

पुन्हा हशा. निवासच्या आईनं पदर तोंडाला लावला. माझ्या मात्र एव्हाना लक्षात आलं होतं. उभ्या गाडीत विझणारा आणि पळत्या गाडीत लागणारा दिवा वायरीचा नसतो. वायर तुटली असती तर दिवा उभ्यानंच लागला असता. खोट फिरणाऱ्या वस्तूत होती. गर्दी नसती तर हे निवासलाही कळलं असतं. शंभर डोळे पाठीवर असले की शहाण्या माणसाचे हातही पुन्हा पुन्हा तेच काम करत राहतात.

मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. तो देताना हळूच म्हटलं, "फिरतंय ते बघा."

"काय?"

"वैजू!" आण्णांचा आवाज आला. "पाणी पाजतीस का कॉपी पुरवतीस?"

लोक खो खो हसले. निवासचा चेहरा लालबुंद झाला. त्यानं तांब्या तोंडाला न लावताच खाली ठेवला. "मला मदत नको," तो म्हणाला. माझ्याकडं न बघता म्हणाला.

आण्णांनी आणखी थोडा वेळ जाऊ दिला. किती ताणायचं आणि कधी सोडायचं हे त्यांना कळत होतं. मग ते अगदी मायेनं म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पाव्हणं, दमला असशीला. वैजू, तू बघ जरा."

त्याच वेळी दारातून आईची हाक आली. "वैजू, आत ये. दूध उतू चाललंय."

"आले," मी म्हटलं, आणि गेले नाही.

खरं सांगते, माझे हात शिवशिवत होते. आणि मनात असंही होतं की मी खोट शोधून दाखवली, जुन्या गाडीत आपोआप झालेला एखादा बिघाड निघाला, तर निवासवरचा डाग पुसला जाईल. त्याला वाचवायला मी निघाले होते. आईनं दुसरी हाक मारली, तीही मला ऐकू आली होती.

मागच्या चाकांच्या कड्या झाकलेल्या असतात, तिथं सहज हात पोचत नाही. म्हणून मी पुढचं उजवं चाक जॅकवर घेतलं आणि चाकाच्या मागून हात आत घातला. इंजिनाकडून चाकाकडं येणाऱ्या दांड्याच्या टोकाला तिथं दातेरी कडी असते. मी एका हातानं चाक हळूहळू फिरवत राहिले आणि दुसऱ्या हाताचं नख दातांवर टेकवून ठेवलं. नख फटीत पडत होतं, दातावर चढत होतं, पुन्हा फटीत पडत होतं. एका ठिकाणी ते पडलंच नाही, सरळ घसरून पुढं गेलं. निवासनं चाक उचललं नव्हतं. कडीचा जेवढा भाग समोर होता तेवढाच त्यानं पाहिला होता, आणि ही फट तेव्हा पलीकडच्या बाजूला होती.

"सापडलं!" मी ओरडले.

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला निवास आठवत नव्हता, लग्न आठवत नव्हतं. नुसता आनंद झाला होता. मी रॉकेलच्या चिंधीनं ग्रीस पुसलं. दोन दातांमधली फट भरून टाकलेला एक थेंब चमकायला लागला. गोल, गुळगुळीत, कडेला कुठं शिंतोडा उडालेला नाही.

वेल्डिंगचा थेंब होता. ताजा. असा थेंब टाकणारा मिस्त्री मी आयुष्यात एकच पाहिला होता, आणि त्यानं होल्डर खाली ठेवला होता असं सगळं गाव समजत होतं.

निवास वाकून बघत होता. "हे आपोआप झालेलं नाही," तो सावकाश म्हणाला. "हे कुणीतरी केलंय."

"कुनीतरी म्हंजी?" आण्णा म्हणाले. "आमच्यात काडी घालायचं काम वैजूचंच असतंय. इचारा की गावाला."

गावानं माना डोलावल्या. खरंच होतं ते. निवासनं माझ्याकडं पाहिलं. त्या दुकानात जसं पाहिलं होतं तसं मुळीच नाही.

"एक माझी होती," मी म्हटलं. "पहिली. ही माझी नाही."

"मग कुणाची?"

मी आण्णांकडं बघितलं. ते खिशात विडी चाचपत होते. मला वाटलं, आता बोलतील. हसून म्हणतील, म्या घातली वं, गंमत केली. मी वाट बघितली. त्यांना विडी सापडली, मग काडेपेटी सापडली.

"आण्णांनी घातली," मी म्हटलं.

"म्या?" आण्णांनी विझलेले डोळे निवासच्या आईकडं वळवले. ती कुठं उभी आहे ते अंदाजानं हेरून, थोडे चुकीच्या बाजूला. "ताई, मला तुमचं त्वांड दिसंना झालंय. म्या येल्डिंग करीन?"

कुणीतरी "च्च" केलं. खुर्चीतला म्हातारा म्हणाला, "पोरी, बापावर आळ घेऊ ने." एवढ्या सगळ्यांत एकाही माणसाला माझं खरं वाटलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मलाही वाटलं नसतं.

निवास हात पुसत होता. चिंधी काळी झाली होती तरी पुसतच होता. मी त्याच्या जवळ गेले. "फोनवर मी तुमच्याशी कधी खोटं बोलले का?" मी विचारलं. "तुम्हीच सांगा."

"तुम्हीच घातली, तुम्हीच काढली," तो म्हणाला. "मला कशाला बोलावलं? टाळ्या वाजवायला?"

त्याची आई ओसरीवरून उतरली. माझ्यासमोर येऊन तिनं माझा हात हातात घेतला आणि काळी नखं उलटीपालटी करून बघितली, जशी बाजारात भेंडी बघतात. मग हात सोडून दिला. "पोरगी हुशार हाय दादा," ती आण्णांना म्हणाली. "लईच हुशार हाय. नवऱ्याला चार माणसांत उघडा पाडंल आन् बापाला बी. आमचं घर ल्हान हाय. एवढी हुशारी मावायची न्हाई."

ते गेले. निवासनं मोटारसायकल सुरू केली, आई मागं बसली, आणि दोघांपैकी कुणीही मागं वळून पाहिलं नाही. लोकही पांगले. खुर्च्या आणणाऱ्या म्हाताऱ्यांनी जाताना आण्णांचं सांत्वन केलं. "दौलतराव, पोरीला जरा लगाम घाला," असं सांगून गेले.

मी आत गेले. आई चुलीपाशी बसली होती. दुधाचं पातेलं पालथं, धुतलेलं, फळीवर होतं. त्या दिवशी घरात दूध नव्हतंच.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"तू काल सांगलीला गेलीस तवा करत हुते. म्या बगितलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू त्यास्नी बोलली असतीस." आई माझ्याकडं न बघता राख सारखी करत होती. "तू बोलून सासरी गेली असतीस. मला हितंच ऱ्हायाचंय, त्यांच्यासंगं. म्या तुला हाक मारली. दोनदा मारली. ह्याच्यापरीस जास्त मला न्हाई जमत."

हे ऐकून मी बाहेर आले. आण्णा गाडीच्या बॉनेटला टेकून विडी ओढत होते. मला भांडायचं होतं. आरडाओरडा करायचा होता. पण तोंडातून जे निघालं ते भांडण नव्हतं, एखाद्या शिकाऊ पोरानं विचारावं तसं निघालं.

"मोडतोड करायची नाही, हा नियम तुमचाच ना, आण्णा?"

"व्हय."

"मग ती कडी आता बाद झाली. ती काडी नाही. ती मोडतोड आहे."

"पोरगं चांगलं हुतं," आण्णा म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"लई चांगलं हुतं," ते म्हणाले. "हात बघितला न्हवं त्येचा? एकदाबी आपटधोपट न्हाई. म्हनून तर येल्डिंग करायला लागलं. बाकीच्यास्नी तुझी काडी पुरत हुती."

ऊन कलत होतं. समोरच्या रस्त्यावरून उसाच्या गाड्या चालल्या होत्या. मी तिथंच खाली बसले, मागच्या चाकाला पाठ टेकून.

"आणि त्याला सापडलं असतं तर?"

"सापडलं नसतं. आन् सापडायच्या आत तू हात घातला असतास. तुला ऱ्हावतच न्हाई. गाडी आजारी दिसली की तुझं हात आपसूक जात्यात." त्यांनी विडी चपलेखाली विझवली. "म्या त्याची परीक्षा कशाला घीन? मला तुझा सोभाव म्हाईत हाय. म्याच घडीवलाय."

"का पण?" मी म्हटलं. "का, आण्णा?"

"तू गेल्याव हितं काय ऱ्हातंय? एक म्हातारी, एक आंधळा, आन् एक जॅक."

इतक्या सरळपणे त्यांनी ते सांगितलं, की त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नसावं. हातानं गाडी चाचपत ते माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. दिसत नसताना दोन दातांच्या फटीत थेंब टाकणारा हात होता तो.

"येक सांगू?" ते म्हणाले. "पाक फट भरली हुती, वरनं ग्रीस थापलं हुतं, आन् तू नखानं धरलंस. माझ्या गुरूलाबी सापडलं नसतं. तुझ्या तोडीचा मिस्त्री साऱ्या जिल्ह्यात न्हाई, वैजू."

पाना हातात धरता येईना त्या वयापासून मी हे वाक्य ऐकायला थांबले होते. कितीही चांगलं काम केलं तरी "ठीक हाय" यापुढं त्यांनी कधी शब्द खर्च केला नव्हता. इतकी वर्षं त्यांनी ते जपून ठेवलं होतं, आणि काढलं ते मला दुसरीकडं कुठं जायला जागा उरली नाही त्या दिवशी. आज आण्णा नाहीत. पाटीवर आता माझं नाव आहे आणि लोक मला येऊन सांगतात, मुलीला असं घडवणारा बाप मिळायला भाग्य लागतं. मी हो म्हणते. त्या लोकांना काय सांगायचं? त्या संध्याकाळी सगळ्यात वाईट काय झालं असेल, तर ते वाक्य ऐकून मला बरं वाटलं. छातीत ऊब आल्यासारखं वाटलं. आण्णांनी ते ओळखलं. डोळ्यांनी नव्हे, मी गप्प बसले त्यावरून.

त्यांनी आत वळून हाक दिली. "अगं, पोहं उरल्यात न्हवं? आन इकडं. सकाळधरनं पोटात काय न्हाई."

आईनं बशी आणून दिली.

"वैजूलाबी दे," आण्णा म्हणाले. "दमलीया पोरगी."

आई दुसरी बशी घेऊन आली. पोहे गार झाले होते आणि वरचं खोबरं सुकलं होतं. मी ते खाल्ले.